मामलेदाराच्या तीन तुकड्या

गेल्या नोव्हेंबरात एका सकाळी कामाच्या बसची वाट बघत सौदीतल्या आमच्या कॅम्पच्या गेटवर उभा होतो, तेव्हा फोनवर निरोप आला. पाठवणारा माझा जुना साहेब. सत्तरीचा अमेरिकन माणूस, जवळजवळ तीन वर्षांपूर्वी फायनल एक्झिट घेऊन कायमचा घरी गेलेला. निरोप असा होता: 'रिफायनरीच्या शटडाऊनच्या कामाला सहा आठवडे येतोय. बायको नको म्हणत होती, डॉक्टरनेही तोंड वाकडं केलं. पण सहा आठवडे म्हणजे सहा शुक्रवार. मामलेदाराला सांगून ठेव.'

मी बसमध्ये चढलो, खिडकीजवळची जागा मिळाली तरी बसायचं विसरलो.

मामलेदार म्हणजे एक मासा. जिताडा. जिझानच्या उत्तरेला आमची रिफायनरी आहे, तिथून अर्ध्या तासावर समुद्राचा एक फाटा आत शिरलाय, दोन्ही बाजूंनी तिवरांची झाडं. इथले लोक त्याला खोर म्हणतात, आम्ही घरी खाडी म्हटलं असतं. त्या खोरात हा मासा राहायचा. साहेबाला जगात दुसरं काही नको होतं, तो मासा एकदा हातात धरायचा होता. आणि मामलेदाराला मी काही सांगून ठेवू शकत नव्हतो, कारण मी त्याला खाल्ला होता. चिंचेच्या आंबटात, भरपूर लसूण घालून, घरून आणलेल्या मसाल्यात.

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. बायकोला अर्धं सांगितलं, त्यातलं निम्मं खोटं. आता वयाची पन्नाशी ओलांडली, केस काळे करायचे सोडले, तर हेही सोडून द्यावं म्हणतो.

मी इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन. प्रेशर, तापमान, पातळी दाखवणारी यंत्रं बरोबर दाखवतात की नाही ते तपासायचं, हे माझं काम. पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या यंत्रांचा खोटेपणा शोधतोय, तर अनुभव आहे म्हणायला हरकत नाही. साहेब एकदा वर्कशॉपमध्ये आला आणि म्हणाला, केसासारखी बारीक तांब्याची तार आहे का. मी जुन्या कॉइलची दिली. संध्याकाळी परत आला, त्या तारेनं बांधलेली एक वस्तू टेबलावर ठेवली. छोटासा हुक, त्याला बकरीचे पांढरे केस, जरीचे दोन चमकते धागे, डोळ्यांच्या जागी काळे ठिपके.

"हे काय?" मी विचारलं.

"माशी," तो म्हणाला. "मासे धरायची."

मी हसलो. वीतभर कोळंबी लावून गरी टाकली तरी मासा नखरे करतो, तो या केसाच्या गुंडीला भुलणार? असं बोललो नाही अर्थात. साहेबाला असं बोलायचं नसतं. पण तोंडावर दिसलं असावं, कारण त्यानं खुर्ची ओढली आणि तासभर मला त्याच्या गावच्या नदीबद्दल सांगितलं. गुडघाभर पाणी, खाली गोटे, थंड आणि पळतं. गोट्यांच्या आडोशाला स्मॉलमाउथ बास नावाचा मासा उभा असतो, तांबूस रंगाचा, लाल डोळ्यांचा. हातभरही नाही, पण पकडला तर दंड दुखवतो. लहानपणापासून तो आणि त्याचा भाऊ त्या नदीत उभे राहायचे. भाऊ आता नव्हता.

"मग काय, सौदीला आलो," तो म्हणाला. "सगळ्या देशात एक नदी नाही. मीच निवडला देश."

मग त्याला खोराचा पत्ता लागला. पलीकडच्या किनाऱ्यावर कुणाचीतरी मत्स्यशेती आहे, तिथले जिताडे वादळात निसटून खोरात शिरले असावेत असं तो म्हणायचा. जिताड्याला इंग्रजीत सी बास म्हणतात. स्मॉलमाउथशी त्याचं नातं काही नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. "पण नावात बास आहे," म्हणाला. "या वयात मला तेवढं पुरतं."

जिताडा म्हटल्यावर मी ताठ बसलो. आम्ही खारपाटातली माणसं. पेण-अलिबागच्या बाजूला, भरतीचं पाणी बांधानं अडवून केलेली शेती, शेतालगत तळी, तळ्यात जिताडे. आमच्याकडे जिताडा बाजारात कमी, माणसांत जास्त फिरतो. जावई आला की जिताडा. कचेरीत सात-बाराचं काम अडलं की जिताडा. माझ्या आज्याचं कुठलंसं काम मामलेदारानं एका जिताड्यावर करून दिलं होतं, ही गोष्ट आमच्या घरात पोथीसारखी सांगतात. मी ती साहेबाला सांगितली. तो इतका हसला की चष्मा काढून पुसावा लागला. पुढं त्या खोरात एक मोठा जिताडा दिसला, शेपटीच्या वरच्या टोकाला खाच, अंगावर जाळ्यात घासल्याचा गुलाबी पट्टा. साहेब म्हणाला, "हा तुमचा मामलेदार." नाव पडलं ते पडलं.

साहेबाची गाडी होती. मासेमारीचा परवाना फोनवर होता, तो किनाऱ्यावरच्या चौकीत दाखवायचा. माझाही त्यानंच फॉर्म भरून काढून दिला. शुक्रवारी पहाटे तो कॅम्पच्या गेटशी येऊन एकदाच हॉर्न वाजवायचा, आणि मी, रोज बसला पळत जाणारा माणूस, आधीच तयार होऊन उभा असायचा. दोन वर्षं हे चाललं.

माझी मासेमारी काय वर्णावी? साध्या गरीला वजन असतं, फेकली की जाते. या प्रकारात माशीला वजनच नाही, दोर जड असतो. तो काठीनं मागं उडवायचा, मागं पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचं, मगच पुढं टाकायचा. ते थांबणं मला कधी जमलं नाही. दोर माझ्या मानेभोवती गुंडाळायचा. एकदा हुक माझ्याच कानात रुतला आणि साहेबानं पक्कड घेऊन शांतपणे काढला. हुकचा उलटा काटा तो आधीच चेपून ठेवायचा, माशाला सोडताना जखम होऊ नये म्हणून. त्या दिवशी त्याचा फायदा माशाऐवजी मला झाला.

"मागं दोर सरळ व्हायची वाट बघ," तो सांगायचा. दर शुक्रवारी. तोच स्वर, तोच संयम. "पुढच्या वेळी जमेल."

माशा बांधण्यात मात्र माझा हात बसला. सोल्डरिंगची सवय असलेली बोटं, शिवाय कॅम्पमागच्या बकऱ्यांचे केस फुकट. माझ्या माशांवर त्यानं मासे पकडले. मी बांधायच्या, त्यानं पकडायचं, आणि मग, इथं खरी अडचण आली, त्यानं सोडून द्यायचं.

पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मला वाटलं त्याच्या हातून निसटला. दीड किलोचा जिताडा, चांदीसारखा. पाण्यात धरून ठेवला, तोंड प्रवाहाकडे केलं, त्याला दम खाऊ दिला आणि बोटं उघडली. मी "अरेरे" म्हणालो. तो म्हणाला, "सुंदर होता ना?" मी म्हटलं, हो. माझ्या डोळ्यांपुढं त्याच्या तुकड्या पडत होत्या.

त्यानं पहिल्याच दिवशी अट घातली होती. या खोरातला एकही मासा मारायचा नाही. मी कबूल केलं होतं. साहेबानं विचारलं की कबूल करायचं, ही माझी जुनी खोड.

रूमवर येऊन सांगितलं तर माझा रूममेट खाटेवर उठून बसला. हा गुहागरकडचा, कॅम्पच्या पिकअपचा ड्रायव्हर, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, मला भाऊ म्हणतो.

"भाऊ, म्हंजे मासा हातात आला नि तुम्ही तो परत दिलात?"

"मी नाही, साहेबानं."

"आन तुम्ही बघत होतात."

"हो."

"मग देवळात जायचं ना. निदान परसाद तरी मिळतो."

मामलेदार साहेबाच्या माशीला दोनदा लागला. पहिल्यांदा उडी मारून डोकं झटकलं आणि माशी थुंकून दिली. दुसऱ्यांदा दोर तिवराच्या मुळांत ओढून तोडला. त्या दिवशी साहेब गाडीच्या बॉनेटवर बराच वेळ बसून राहिला. मग म्हणाला, "माझा भाऊ असता तर म्हणाला असता, घाई केलीस." त्याच आठवड्यात त्याच्या एक्झिटची तारीख पक्की झाली, मार्चअखेर. म्हणाला, "एवढं एकच राहिलंय. त्याला एकदा हातात धरायचा, बघायचा, सोडायचा. मग खलास."

आता माझं सांगतो.

डिसेंबर होता. रूममेट तापानं आजारी होता, तोंडाला चव नव्हती, म्हणून मी त्याच्यासाठी मासा आणला. असं मी बायकोला सांगितलं आणि बरेच महिने स्वतःलाही. रूममेटला साधी सर्दी होती. पिकअप तोच चालवत होता. शुक्रवारी दुपारी कॅम्पची भाजी आणायला निघाला, त्याच्याबरोबर मी गेलो, खिशात दोर, हुक आणि एका डबड्यात जिवंत कोळंबी घेऊन. सर्दी झालेला माणूस गाडीत बसून शिंकत होता आणि मी गरी टाकत होतो.

पुढं स्वतःशी म्हणायचो, खादाडपणा. कॅम्पच्या मेसमधला शिळा फ्रोझन मासा खाऊन वीट आला होता, घरचं कालवण आठवलं, माणूस घसरला. हे खरं आहे, पण पुरतं नाही. खोरात इतर मासे होते. बोय होते, तांबोशी होती. जिताडेही लहान-मोठे बरेच. मी गरी टाकली ती गाडी लावायच्या जागेपाशी, खडकाला खेटून, दोन हातांवर. कारण तिथं मामलेदार असतो हे मला माहीत होतं. भरतीच्या आधी बोयांचा थवा त्या खडकाच्या सावलीत येतो, आणि जिताडा सावलीतच बसतो, हे खारपाटातलं पोरगंही सांगेल. साहेब त्याच खडकावरून पाण्यात उतरायचा, त्याच्या डोक्यावरून चालत जायचा आणि साठ फुटांवर तिवरांकडे दोर फेकायचा. दोन वर्षं. मी एकदाही बोललो नाही.

का नाही बोललो? साहेब मला जिताडा धरायला शिकवत होता. मला. माझ्या आज्यानं मामलेदार गार केला होता ज्यावर, तो मासा. आणि मी ओंजळभर दोरात गुरफटून उभा आणि हा गोरा म्हातारा प्रेमानं म्हणतो, पुढच्या वेळी जमेल. त्याच्या त्या चांगुलपणाचा मला राग यायचा. वाईट वागला असता तर बरं झालं असतं. मला त्याला दाखवायचं होतं की कोण कुणाला शिकवतो. आणि दाखवायचं कुणाला, तर ज्याला दाखवता येणारच नाही त्याला. जिंकलो ते असं.

मासा तिसऱ्या मिनिटाला लागला. हात दोरानं कापला, ती खूण अजून आहे. शेपटीची खाच बघितली, गुलाबी पट्टा बघितला. चुकून पकडला असं म्हणायला जागा नाही. पाण्यात सोडायला पुरेसा वेळ होता. रूममेट खिडकीतून म्हणाला, "भाऊ, यल्ला, चला, भाजीवाला बंद करेल," आणि मी मासा भाजीच्या क्रेटमध्ये, कोथिंबिरीखाली ठेवला.

चौदा तुकड्या झाल्या, डोकं वेगळं. निम्म्यांचं कालवण, निम्म्या तळल्या. संध्याकाळी बायकोला व्हिडिओवर दाखवलं.

"अगोबाई, जिताडा? तिकडं?" ती म्हणाली. मग लगेच, "कुठं मिळाला?"

मी म्हटलं, साहेबाबरोबर जातो तिथं.

"मग साहेबांना वाटा दिलात का?"

"ते नाही खात असलं."

"अहो, खातात की नाही ते ते बघतील. ज्याची जागा त्याचा पहिला वाटा. जिताडा आहे तो, बांगडा नव्हे. एकट्यानं खाल्लात तर पचायचा नाही."

आमच्याकडचा नियम आहे हा, तिनं काही नवीन काढलं नव्हतं. ज्याच्या तळ्यात मासा मिळाला, ज्यानं जागा दाखवली, त्याच्या घरी आधी वाटा पोचवायचा. न देता खाल्लेला जिताडा बाधतो म्हणतात. आणि मी, ज्यानं शब्द मोडला, चोरी केली, कोथिंबिरीखाली पुरावा लपवला, तो मी हा नियम मोडायला घाबरलो. शनिवारी सकाळी तळलेल्या तुकड्या डब्यात भरून साहेबाच्या केबिनमध्ये घेऊन गेलो.

"कुठला मासा?" त्यानं विचारलं.

"बाजारातला," मी म्हणालो.

त्यानं एक खाल्ली. मग डबा स्वतःकडे ओढला. तीन खाल्ल्या. बोटं चाटली, कागदानं पुसली, आणि म्हणाला की गेल्या काही वर्षांत इतका चांगला मासा खाल्ला नाही. मसाला लिहून मागितला. मी लिहून दिला. मग दाराजवळ गेल्यावर मागून म्हणाला, "शुक्रवारी मोठी भरती आहे. मला वाटतं या वेळी मामलेदार सापडेल."

त्यानंतर त्याचे बारा शुक्रवार उरले होते. बाराही शुक्रवारी मी त्याच्याबरोबर गेलो. तो तिवरांकडे दोर टाकायचा, मी शेजारी उभा. एकदा म्हणाला, "दिसत नाही हल्ली." मी म्हटलं, "थंडीनं खोल गेला असेल." जिझानच्या थंडीत आम्ही बनियनवर झोपतो.

जाताना त्यानं स्वतःची काठी, रीळ, सगळं मला दिलं. "त्याच्यावर लक्ष ठेव," म्हणाला. विमानतळावर मिठी मारली. मला मिठीची सवय नाही, मी काठीसारखा उभा राहिलो.

महिन्यानं पहिला निरोप आला. 'मामलेदार दिसला?' तेव्हा सांगता आलं असतं. मी लिहिलं, 'काल पहाटे वळताना दिसला.' मग दर महिन्याला. कधी बोयांमागं उसळला, कधी शेपटी दिसली. रमजानात मी लिहिलं की अंगानं भरलाय. खाऊन संपवलेला मासा मी तीन वर्षं पोसला आणि वाढवला. एवढं लक्ष मी माझ्या मुलीच्या अभ्यासाकडे दिलं असतं तर ती मला दोन वाक्यांत उत्तर तरी देती.

आणि आता तो येत होता. मी बसमध्ये, जेवताना, यंत्रांपुढं उभा राहून निरोप लिहिले आणि पुसले. 'साहेब, मामलेदार गेला.' कुठं गेला? 'मेला.' कसा? 'म्हातारपणानं.' हे जवळजवळ पाठवलंच होतं. रूममेटला वाचून दाखवलं.

तो भाकरी मोडत म्हणाला, "म्हातारपणानं? भाऊ, चौदा तुकड्यांनी म्हणा."

"मस्करी नको."

"मग खरं सांगा नि मोकळे व्हा. मी काय सांगणार नाय, मी दोन खाल्ल्यात."

तो आला. वाळला होता. उजव्या गुडघ्याला पट्टा, चालायला काठी. पहिल्या शुक्रवारी पहाटे गेटवर एकदाच हॉर्न वाजला. मी त्याची मासेमारीची काठी घेऊन गाडीत बसल्याबरोबर तो म्हणाला, "शेवटचा कुठं दिसला?" आणि माझा हात आपोआप वर गेला, तिवरांकडच्या दिशेला, जणू तो हात दुसऱ्या कुणाचा होता.

तो पाण्यात उतरला. त्याच खडकावरून. एका हातानं चालायची काठी रोवली, दुसऱ्यानं दोर उडवला. दोर मागं सरळ झाला, थांबला, पुढं गेला. दीड तास. मधे एकदा गुडघा वाकला आणि तो कमरेपर्यंत भिजला, मी धावलो, तो म्हणाला, काही नाही, काही नाही. पुन्हा दोर टाकला. रिकाम्या पाण्यात, माझ्या बोटानं दाखवलेल्या जागी, सत्तरीचा माणूस.

"साहेब," मी म्हणालो. "मामलेदार नाहीये तिथं."

"मग कुठं आहे?"

"नाहीये. मी पकडला. हातानं, गरीनं. आणि खाल्ला."

त्याला नीट ऐकू गेलं नाही असं वाटून मी पुन्हा सांगितलं. ऐकू गेलं होतं. तो दोर गुंडाळत होता, सावकाश, एकेक वेढा.

"कधी?"

"तुम्ही गेलात त्याच्या आधीच्या डिसेंबरात."

तो मोजत होता. "म्हणजे ते सगळे शुक्रवार..."

"हो."

"आणि तू माझ्या शेजारी उभा होतास."

"हो."

पाणी चढत होतं. त्यानं माशी काठीच्या कडीत अडकवली, माझीच बांधलेली होती. मग थांबला. वर बघितलं नाही.

"डिसेंबर," म्हणाला. "तो डबा."

मी मान हलवली.

"मी दोन तुकड्या खाल्ल्या होत्या."

इथं गप्प राहता आलं असतं. कुणीही शहाणा माणूस राहिला असता. पण एकदा खरं बोलायला लागल्यावर माझा तोल गेला.

"तीन, साहेब," मी म्हणालो.

परत येताना तो गाडी चालवत होता. मी डबा का दिला, आमच्याकडचा नियम काय, ते सगळं मी सांगितलं, खिडकीबाहेर बघत. ऐकत होता की नाही कळलं नाही. कॅम्पच्या गेटशी गाडी थांबवून म्हणाला, "मासा खाल्लास ते समजतं मला. भूक असते, मत्सर असतो, तो मलाही होता. माझ्या भावाच्या माशांचा. पण गेल्या हिवाळ्यात माझी छाती उघडली होती. पाच दिवस नळ्या लावून पडलो होतो. तू लिहिलंस, तो बोयांमागं उसळला, शेपूट दिसली. मी ते नर्सला वाचून दाखवलं." हात लांबवून माझ्या बाजूचं दार उघडलं. "ते नव्हतं करायचं."

मी उतरलो. सॉरी म्हणालो ते दार लागल्यावर.

पुढच्या शुक्रवारी मी तयार होऊन गेटवर उभा राहिलो. कुणी आलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. कामावर तो मला दिसायचा, मान हलवायचा, प्रेशरचे आकडे विचारायचा. रूममेट रोज विचारायचा, "वाजला का हॉर्न?" मग त्यानंही विचारायचं सोडलं. चौथ्या शुक्रवारी मी उठलो नाही, आणि हॉर्न वाजला. दोनदा वाजवावा लागला.

मी काठी उचलली आणि चपलेतच धावलो. तो म्हणाला, "कुठं पकडलास ते दाखव."

खडकापाशी नेऊन दाखवलं. त्यानं खाली बघितलं, मग आपल्या बुटांकडे, मग परत खाली. "मी त्याच्या घरावरून चालत होतो."

"हो."

"दोन वर्षं."

"हो, साहेब."

"आणि तुला माहीत होतं."

हे वेगळं सांगायचं माझ्याकडून राहिलं होतं. तेही सांगितलं. त्यानं मान डोलवली, जशी एखादा आकडा अखेर जुळल्यावर डोलवावी, आणि खडकावर बसूनच आखूड दोर टाकला, दोन हातांवर. काही लागलं नाही. उरलेल्या दोन शुक्रवारीही नाही. शेवटच्या दिवशी काठी परत द्यायला लागलो तर घेतली नाही. "ठेव. पण काही दिसलं नाही तर दिसलं नाही असं लिही."

तसं लिहितो. 'आज काही नाही.' 'आज वारा.' 'आज दोर मानेभोवती.' तो अंगठा पाठवतो. कधी तेही नाही.

मागच्या शुक्रवारी रूममेटनं मला भाजीच्या फेरीत खोरावर सोडलं. खडकाच्या सावलीवर मी माशी टाकली, मागं दोर सरळ होईपर्यंत थांबलो, का थांबलो ते मला माहीत नाही, कदाचित दमलो होतो. आणि ओढ बसली. लहानसा जिताडा, शेपूट अखंड. पाच वर्षांत माशीला लागलेला माझा पहिला मासा. काठीवर खुणा आहेत, त्यांना लावून मोजला. पाण्यात धरला, तोंड प्रवाहाकडे केलं. कालवणाचा वास आला नाकात, खोटं कशाला बोलू. मग बोटं उघडली. फोटो काढायचा राहिला, दोन्ही हात ओले होते.

पिकअपमध्ये बसून लिहिलं, 'आज एक. माशीवर. तेरा इंच. सोडला.' वाचून बघितलं आणि लक्षात आलं की हे माझ्या जुन्या निरोपांसारखंच दिसतंय, अगदी तसंच. पुरावा काही नाही. रूममेटनं बघितलं होतं, पण त्याचा शब्द कोण धरणार, तो दोन तुकड्यांचा भागीदार. तरी पाठवलं.

कॅम्प येईपर्यंत उत्तर नव्हतं. तिकडे अजून उजाडलं नसावं. शनिवारी कामावर, एका गेजपुढं उभा असताना, फोन वाजला. त्यानं लिहिलं होतं, 'तुकड्या किती झाल्या असत्या?'

मी हातमोजे काढले आणि नीट विचार करून लिहिलं, 'चार. डोकं वेगळं.'